‘संग्रहित छायाचित्र’ म्हणजे आमचे अण्णा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पत्र लिहायला चार-सहा दिवस उशीर झाला, सोयाबीनची काढणी चालू होती. मागच्या आठवड्यात एका पेपरात (तुमचा नाही, म्हणून तर तुम्हाला लिहितोय) शेतकरी आत्महत्येची बातमी आली, दुसऱ्याच जिल्ह्यातली, आणि बातमीला फोटो कुणाचा तर आमच्या अण्णांचा. कपाळावर हात, नजर आभाळाकडं, पायाखाली भेगा, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात ‘संग्रहित छायाचित्र’. सकाळी सातला मावशीचा फोन रडत रडत, मग आत्याचा, मग आणखी कुणाकुणाचा, आणि अण्णा ओट्यावर बसून चहा पितायत. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणले, "अगं मी हाय अजून, रडू नको."

फोटो कधीचा ते मला पक्कं माहितीये. 2016 चा उन्हाळा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. तेव्हा आमच्या भागात बी कॅमेरेवाले लई फिरायचे. त्यातल्या एकाला आमच्या वावरात हवी तशी जमीन दिसेना म्हणून तो अण्णांना गाडीत घालून पाझर तलावावर घेऊन गेला, आटलेल्या गाळात उकिडवं बसवलं, टोपी सारखी करायला लावली आणि म्हणला काका जरा वर बघा. अण्णांनी बघितलं, दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. जाताना त्यानं नाव विचारलं नाही, रान किती, पेरलंय काय, कायच नाही.

त्या भेगांचं पण एकदा सांगूनच टाकतो. पेपरात दिसतात त्या ताटल्यासारख्या सुटलेल्या खपल्या बऱ्याचदा वावरातल्या नसतातच, तळ्याच्या नाहीतर धरणाच्या बुडातल्या गाळाच्या असतात. वावरात भेगा पडतात, पण आमच्या काळ्या जमिनीला त्या दर उन्हाळ्यात पडतात, आदल्या साली पाऊस दणकून झालेला असला तरी, कारण ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, एप्रिलमध्ये हात जाईल एवढी भेग सहज असते. त्यात वरची माती पडून मिसळते, जमिनीला ते चांगलंच. म्हणजे नुसती भेग दाखवून दुष्काळ सिद्ध होत नाही साहेब.

आणि हा उद्योग काही आजचा नाही. अमेरिकेत 1936 साली दुष्काळाचे फोटो काढायला सरकारनं नेमलेला आर्थर रॉथस्टीन नावाचा फोटोग्राफर होता, त्याला भेगाळलेल्या जमिनीवर एका जनावराची कवटी सापडली आणि त्यानं ती उचलून इकडंतिकडं ठेवून फोटो काढले. साल निवडणुकीचं, मग काय, विरोधातल्या पेपरांनी एवढा गदारोळ केला की खरा दुष्काळ राहिला बाजूला आणि चर्चा कवटीची. तिथं दुष्काळ खोटा नव्हता, आमच्याकडंही 2016 ला नव्हता, बोअर आटली होती आणि टँकर दोन दिवसाला एक यायचा. तोच फोटो काढायचा ना, रिकाम्या घागरींची रांग, नाहीतर चाऱ्यापायी बाजारात निघालेली बैलजोडी.

दुसरी गोष्ट आमची आई सांगते. ती म्हणते फोटोत गडी असला की खाली ‘शेतकरी’ लिहितात आणि बाई असली की ‘कापूस वेचताना महिला’. खुरपणी बाया करतात, वेचणी बाया करतात, सोंगणीला बी बायाच जास्त, पण सातबाऱ्यावर नाव नाही तसं कॅप्शनमध्ये पण नाही. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला किसान मोर्चा चालत गेला तेव्हा सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडं फिरले, त्यातले कितीतरी पाय बायांचे होते. पाय अख्ख्या महाराष्ट्रानं बघितले, नावं कुणाला आठवतात?

नाव लिहिणं काही अवघड नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 च्या शेवटी ‘परी’ नावाचं खेड्यापाड्यातल्या माणसांवरचं संकेतस्थळ सुरू केलं, मराठीतही वाचायला मिळतं, त्यात फोटोखाली बहुतेक वेळा माणसाचं नाव असतं, गाव असतं, ते काम काय करतंय तेही असतं. वाचलं की कळतं हा कुणीतरी माणूस आहे, ‘हवालदिल बळीराजा’ नाही. (हा बळीराजा शब्द पण वर्षभर सुट्टीवर पाठवा, पाऊस आला की सुखावतो आणि गेला की चिंतेत, तिसरं कामच नाही त्याला.)

आता तर शेतकरीच फोटो काढतोय. 2021 पासून पिकाच्या सरकारी नोंदीसाठी ई-पीक पाहणी आली, वावरात उभं राहून आपल्याच पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकावा लागतो, 2025 च्या खरिपाआधी नुकसान झालं तर विम्यासाठी 72 तासांत कळवावं लागायचं, तिथंही फोटो. अण्णांना सुरुवातीला जमत नव्हतं, स्वतःचं बोटच यायचं मध्ये. आता हात बसलाय.

तर मागणी एवढीच की जुना फोटो वापरायचा तर साल आणि गाव छापा, आणि मरणाच्या बातमीला जित्या माणसाचा फोटो लावू नका. तुमच्या संग्रहासाठी सोबत एक नवा पाठवतोय. मागच्या रब्बीतला आहे, हरभऱ्यात रात्री दोन वाजता स्प्रिंकलरचे पाईप बदलताना, कारण त्या आठवड्यात लाईट रात्रीची होती. मोबाईलच्या बॅटरीवर काढलाय म्हणून धूसर आहे, डावीकडं अण्णा, पाईपाचं दुसरं टोक धरलेली आई. दोघांची नावं मागं लिहिलीत, आईचं आधी लिहिलंय, तसंच छापा.

तुमचा एक जुना वाचक,
ता. सेलू, जि. परभणी