आखाजीच्या भांडणाचं खापर

अमळनेर,
8 मे 2025

प्रिय सुध्या,

कसा शे भाऊ? परवा फोनवर विचारलंस, "गावात पब्जीपायी डोकं फुटलं म्हणे, खरं का?" फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितो.

डोकं फुटलं हे खरं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी पारामागच्या निंबाखाली पत्त्यांचा डाव बसला होता. आपल्या लहानपणी बसायचा तसाच, फक्त तेव्हा चिल्लर असायची, आता पाचशेच्या नोटा. दोघा चुलतभावांची जुंपली. मूळ वाद बांधाचा, तीन वर्षं चिघळलेला. त्यात पोटात दारू. आवाज चढले तसा एकाचा पोऱ्या धावत आला आणि काकाच्या डोक्यात दांडकं घातलं. सात टाके. पोऱ्या एकोणीस वर्षांचा, रात्र रात्र बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतीय अवतार, खेळणारा. झालं! दिवस मावळायच्या आत गावाचा निकाल लागला: पब्जीनं पोरं बिघडवली.

चार दिवसांनी ग्रामसभेत गेमबंदीचा ठराव आला आणि मला बोलायला उभं केलं. आदल्या रात्री मी बरंच वाचून ठेवलं होतं. राजकोटला 2019 मध्ये पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून खेळणारी पोरं पकडलीसुद्धा होती. पुढल्या वर्षी सप्टेंबरात केंद्रानं 118 अ‍ॅप बंद केले, त्यात पब्जी गेलं. पण कारण मारामारीचं नव्हतं, माहितीच्या सुरक्षेचं होतं. तिकडे अमेरिकेत मुलांना हिंसक गेम विकायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालियांनी निकालात परीकथा काढल्या: हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत जाळून मारतात, ते पोरांना चालतंच की! मला आपल्याकडचं नरसिंहाचं सोंग आठवलं. तो मांडीवर घेऊन पोट फाडायचा आणि आपण बापाच्या खांद्यावरून टाळ्या पिटायचो.

गेम अगदी सोवळे आहेत असं नाही म्हणत. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनं 2020 मध्ये सांगितलं की ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी हिंसक गेमचा थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचा दोष त्यांच्यावर टाकण्याइतका पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांना तर 2019 मध्ये हजारभर ब्रिटिश पोरं तपासून तेवढाही संबंध सापडला नाही. आक्रमकपणा त्यांनी पोरांना नाही, आईबापांना विचारला होता, हे मला आवडलं.

मी हे सांगत होतो तेव्हा मागची रांग मोबाइलवर रिल्स बघत होती. शेवटी एक आबा उठले, "सर, मग बंद काय करायचं?" मी म्हटलं, "डाव." सभा खदखदून हसली. गेमबंदीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. डावबंदीला अनुमोदकही मिळाला नाही.

आपण काय कमी खेळलो रे? स्टँडजवळच्या त्या बोळातल्या दुकानात रुपया देऊन कॉन्ट्रा. वर वर, खाली खाली करून तीस लाइफ घ्यायच्या आणि दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. आणि तू? माझ्या गुडघ्याला खरचटलं तरी डोळे मिटून उभा राहायचास.

आता जे सभेत बोललो नाही ते. सभेच्या आदल्या रात्रीच, हे सगळं वाचून उठलो तर बाळ्या अंथरुणात मोबाइल घेऊन. रात्रीचा एक. ठेव म्हटलं, तर म्हणाला, "मॅच संपू द्या पप्पा, मधे सोडता येत नाही." मोबाइल हिसकला आणि कानाखाली एक ठेवून दिली. चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. तो रडला नाही, ओरडला नाही, चष्मा उचलून भिंतीकडे तोंड करून निजला. गेममुळे माझ्या घरात कुणी कुणावर हात उचलला असेल, तर तो मी, सुध्या. सकाळी सभेत उभा राहिलो तेव्हा हाताची चुरचुर गेली होती, पण माझा मीच ऐकत होतो.

मोबाइल ज्वारीच्या कोठीत आहे. तो मागत नाही, आणि बोलतही नाही. तुझं मात्र ऐकतो. पुढच्या रविवारी त्याला तुझ्याकडे बसमध्ये बसवून देतो, आठ दिवस ठेवून घे. खेळायला बसला तर खेळू दे, जमलं तर शेजारी बस. वहिनींसाठी कळण्याचं पीठ देतो सोबत.

तुझा,
नाना