हौद्याला सगळं, केबिनला उरलेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, त्या निमित्ताने आपल्या अंकात आलेला लेख वाचला. टनेज आणि अश्वशक्ती कशी वाढत गेली ते लेखकाने नीट मांडलं आहे. पण ट्रक हाकणाऱ्या माणसाच्या वाट्याला या सगळ्यात काय आलं, त्यावर लेखात जेमतेम दोन ओळी आहेत. ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून त्या दोन ओळींत थोडी भर घालतो.

आपल्याकडचा मधल्या वजनाचा ट्रक घडला तो १९५४ पासून. त्या वर्षी टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला, रेडिएटरवरचा बेंझचा तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचा ‘टी’ आला. यंत्र मात्र कोणी मोडीत काढलं नाही, त्यातच सुधारणा होत राहिल्या. ६९२ इंजिन म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. पुढे ६९७ आलं ते ९७ मिलिमीटरचं, पावणेसहा लिटरच्या आतबाहेरचं. त्याच बोअरचं चार सिलिंडरचं ४९७ लहान गाड्यांना बसलं. १२१० ट्रक ज्यांनी चालवला किंवा दुरुस्त केला, त्यांना तो आवाज आजही गल्लीच्या तोंडाशी ओळखू येईल. बसच्या चासीवरही, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्यावरही, हाच वंश होता, म्हणून एसटीतून फिरलेल्यांनाही तो परका नाही.

या गाड्यांची नावं म्हणजे सरळ हिशेब असतो. १६१३/४२ असं लिहिलेलं असेल तर एकूण वजन १६ टनांच्या घरात, ताकद १३० अश्वशक्तीच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ४.२ मीटर. आकड्यांआधी एलपीके असेल तर टिपर, म्हणजे माल भरायचा मागचा हौदा उचलून ओतणारी गाडी, एलपीएस असेल तर ट्रेलर ओढणारी गाडी, एलपीओ असेल तर बस. टिपरला ३६ चा, म्हणजे ३.६ मीटरचा, आखूड व्हीलबेस, कारण खाणीत वळायचं असतं आणि भरलेला हौदा वर उचलताना लांब चासीला पीळ बसतो. कापूस, भुसा, रिकामी पिंपं असा वजनाला हलका पण जागा खाणारा माल असेल तर लांब व्हीलबेस. नियमाप्रमाणे मागच्या आसाच्या पलीकडे व्हीलबेसच्या ६० टक्क्यांहून जास्त बॉडी काढता येत नाही. त्यामुळे मालकाला लांब हौदा हवा असेल तर त्याने चासीच लांब घ्यायची, हे आम्ही गिऱ्हाइकाला कागदावर आकृती काढून समजावत असू. लांबी, वजन, ताकद, काम सगळं त्या नावात मावतं. केबिनबद्दल त्यातून एवढंच कळतं की ती इंजिनाच्या मागे आहे की इंजिनावर.

आणि ती इंजिनावर आली तीही ड्रायव्हरसाठी नाही. पुढे नाक असलेल्या ट्रकमध्ये इंजिनाची जागा वाया जाते. केबिन पुढे सरकवली की तेवढ्याच लांबीच्या गाडीत हौदा मोठा होतो. मालकाचा फायदा उघड आहे. ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर इंजिन थेट त्याच्या आणि क्लीनरच्या मध्ये येऊन बसलं. वर एक झाकण आणि त्यावर गोधडी किंवा रेक्झिनची गादी. उन्हाळ्यात घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना त्या झाकणाजवळचा पाय भाजून निघतो, आणि रात्री क्लीनर झोपतो तो त्याच झाकणावर. इंजिनाचं काम करायचं तर मिस्त्रीलाही आतच शिरावं लागे. अख्खी केबिन पुढे कलवायची सोय आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांत रुळली ती नव्वदच्या दशकात, अशोक लेलँडच्या कार्गोसारख्या गाड्यांपासून पुढे.

पण लेखात अजिबात न आलेली गोष्ट वेगळीच आहे. यातल्या असंख्य गाड्यांना कारखान्यातून केबिन मिळतच नसे. मालक घ्यायचा ती नुसती चासी: इंजिन, स्टेअरिंग, पुढचा दर्शनी पत्रा, बस्स. ना दार, ना टप, ना पाठ. तोंडाला फडकं बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून अशी उघडी चासी शेकडो किलोमीटर नेणारे चालक महामार्गावर सगळ्यांनी पाहिले असतील. मग ती आमच्यासारख्यांकडे यायची. आधी हौदा. त्यासाठी लाकूड कोणतं, पत्रा किती जाड, फाळका (उघडणारी फळी) एकाच बाजूला की तिन्ही बाजूंना, यू-बोल्ट किती, दोराचे आकडे किती अंतरावर, यावर मालक तासभर घासाघीस करायचा. आम्हीही त्यात जीव ओतायचो. चासीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, पत्र्याखाली लाकडाची पट्टी बसली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात चासीला तडा जातो.

केबिनची पाळी शेवटी यायची, म्हणजे बजेट संपत आल्यावर. लाकडी सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड, मागे झोपायची फळी. फळी केवढी? मागे जेवढी जागा उरेल तेवढी, कारण केबिन हातभर वाढवली तर हौदा हातभर कमी होतो. सहा फुटी माणूस त्या फळीवर सरळ झोपू शकत नाही, हे बांधणाऱ्याला माहीत असे आणि बांधून घेणाऱ्यालाही. रंगरंगोटी, देवाचा फोटो, लाल-हिरवे दिवे यांना मात्र पैसे निघत. त्यात चालकाचीही हौस असे, ते नाकारत नाही.

१९८५-८६ च्या सुमारास जपानी वळणाच्या गाड्या आल्या. आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान. १९८६ मध्येच टाटांची ४०७ आली. या गाड्या लहान असल्या तरी त्यांची केबिन साच्यातून निघालेली, दारं घट्ट लागणारी, काच पाणी न गळणारी. त्या चार जोड्यांपैकी काही लवकरच मोडल्या, पण ट्रकची केबिन अशीही असते हे लोकांनी पाहिलं. मोठ्या ट्रकांना तो शहाणपणा पोचायला मध्ये बरीच वर्षं गेली. दरम्यान इंजिनाला डिझेल पुरवणारा मेकॅनिकल पंप जाऊन इलेक्ट्रॉनिक ताब्याचं कॉमन रेल आलं, २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले, डिझेलच्या टाकीशेजारी धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची टाकी आली. २०१८ मध्ये सहा चाकी ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. मर्यादा वाढली, हौद्याखालचे स्प्रिंगचे पाटे वाढले, भाड्याचा हिशेब बदलला. झोपायची फळी होती तेवढीच राहिली.

म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या सगळ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली, याचं मी मनापासून स्वागत करतो. एसीमुळे ड्रायव्हरला झोप लागेल हा आक्षेप काही वाहतूकदार घेतात. तो मला हास्यास्पद वाटतो. त्यांच्या स्वतःच्या मोटारीत एसी असतो आणि तिथे त्यांना डुलकी लागत नाही.

माझी शंका वेगळी आहे. नुसती चासी विकली जाते तेव्हा कंपनीने मान्यताप्राप्त एसीचा संच सोबत द्यावा, अशी तरतूद नियमात आहे. संच चांगलाच असेल. पण तो बसणार कशात? प्लायवूडच्या फटी, दाराखालून दिसणारा रस्ता, इंजिनाच्या झाकणाभोवती झिजलेलं रबर. बाहेरचं ऊन आणि आतलं इंजिन या दोन्हींशी तो संच दिवसभर झुंजणार, डिझेल जाळणार, आणि वर्षभरात मालक म्हणणार की एसीचा उपयोग नाही, काढून ठेवा. गार हवेसाठी आधी बंद खोली लागते.

तेव्हा लांब पल्ल्याच्या ट्रकला केबिन कारखान्यातूनच आली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याच धंद्यातल्या मंडळींना हे रुचणार नाही. पण हौदा, टँकर, जाळीची बॉडी, कंटेनर ही कामं आमच्याकडेच राहतात आणि आमचं खरं कसबही तिथेच आहे. दाबून काढलेल्या पत्र्याची, अपघातात न चुरगळणारी केबिन हातोडी आणि करवतीने होत नाही, कितीही चांगला सुतार असला तरी.

तोवर रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांचं काय? त्यांना नवा नियम लागू नाही आणि त्या अजून बरीच वर्षं धावणार आहेत. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिला फिटनेस दाखला घ्यावाच लागतो. तिथे दिवे, ब्रेक, रिफ्लेक्टर पाहिले जातात. त्याच यादीत तीन गोष्टी घालाव्यात: इंजिनाच्या झाकणाला उष्णतारोधक अस्तर आहे का, दारं-खिडक्या बंद होतात का, आणि झोपायच्या फळीची लांबी किती. पहिल्या दोन बाबींचा खर्च टायरच्या एका जोडीहूनही कमी आहे. तिसरीसाठी काही गाड्यांचा हौदा थोडा मागे घ्यावा लागेल. त्यावर आरडाओरडा होईल हे मला माहीत आहे, कारण ती घासाघीस मी जवळून ऐकलेली आहे.

आपला,
एक निवृत्त बॉडी-बिल्डर