ग्रंथसाहिबातला विठ्ठल

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत शीख परंपरेवरचा लेख वाचला. लंगर, पगडी, कृपाण सगळे आले, पण गुरु ग्रंथसाहिब 'शीख गुरूंनी रचला' एवढ्या एका ओळीत उरकला. सगळा जन्म नांदेडात गेलेल्या माणसाला हे खटकणारच.

ग्रंथात सहा गुरूंची बाणी, म्हणजे पद्यरचना, आहे. तिच्याच पंगतीला कबीर, रविदास, शेख फरीद बसले आहेत आणि आपले नामदेवही. त्यांची ६१ पदे त्यात आहेत. पाचवे गुरु अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ, म्हणजे याच ग्रंथाचे पहिले रूप, सिद्ध केला, तेव्हाच ती आली. म्हणजे ग्रंथापुढे माथा टेकणारा शीख नामदेवांच्या शब्दांपुढेही टेकतो.

ही पदे आपल्या गाथेतले अभंग नव्हेत, उत्तरेच्या संतबोलीतली आहेत. पण मराठी कान लावून ऐका. राग आसामधले पद 'आनीले कुंभ भराईले ऊदक' असे सुरू होते. देवाला आंघोळ घालायला घागरभर पाणी आणले, तर त्यात आधीच लाखो जीव नांदून गेलेले. फुले ओवली, तर भुंगा आधी वास घेऊन गेलेला. खिरीला दूध घेतले, तर ते वासराने उष्टावलेले. मग पूजा कशाने करायची? नामदेव म्हणतात, जाऊ तिथे 'बीठलु'च, म्हणजे विठ्ठलच, आहे!

शेजारच्या सरदारजींकडे अखंड पाठ, म्हणजे संपूर्ण ग्रंथाचे न थांबता वाचन, होता. तो संपल्यावर रागींनी, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांनी, हेच पद धरले. माझी आई पंढरीची वारकरी, मागे भिंतीला टेकून बसली होती. 'बीठलु' कानावर पडताच तिने हात जोडले. नंतर मला विचारते, "अरे, हे आपलंच ना?"

१७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले, तेही इथेच, गोदाकाठी. म्हणून त्याला पहाटे प्रकाश, म्हणजे आदराने उघडणे, आणि रात्री सुखासन, म्हणजे मिटून विश्रांतीला ठेवणे. लेखात 'ग्रंथाची १४३० पाने' असेही म्हटले आहे. शेजारचे सरदारजी असे कोणी म्हणाले की हळूच दुरुस्त करतात, "पान नाही भाऊ, अंग." ग्रंथच गुरु, म्हणून त्याची पाने म्हणजे गुरूच्या देहाची अंगे.

पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती छापाल का? जागा उरली तर ते पदही अर्थासकट द्या.

– एक वाचक, नांदेड