आयर्लंडचा शिक्का आणि आपला सातबारा

सावदा, ता. रावेर

प्रिय सुधाकर,

तुझे फोन आले ते पाहिले होते. उचलले नाहीत, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू मधेच हसतोस आणि माझा विषय वाहून जातो. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही.

माझी शुगर आटोक्यात, गुडघा होता तसाच. हिचं बरं चाललंय.

आमच्या पोरीचं, मेघाचं, आयर्लंडचं पक्कं झालं. डब्लिनला, दवाखान्यात नर्स. तू म्हणशील, त्यात काय एवढं, आपल्याकडची किती पोरं गेली. गेली रे भो. पण त्यांचे पेढे खाऊन मी घरी आलो होतो, कागद वाचले नव्हते. मेघाचे सगळे वाचले. तू बँकेत जन्म काढलास, तुला कागदाची चव कळते, म्हणून तुलाच लिहितोय.

तिथं राहायची परवानगी एकदम हातात देत नाहीत. आधी तिथल्या नर्सिंग मंडळानं आपल्या नाशिकच्या विद्यापीठाची पदवी तपासायची. इंग्रजीची ओईटी परीक्षा वेगळी. मग तिकडे नेऊन दवाखान्यातच काही आठवडे पारख. त्यात उतरली की नोंदणी, नोंदणीनंतर ‘क्रिटिकल स्किल्स’ नावाचं कामाचं परमिट, दोन वर्षांचं, फी १,००० युरो. मुक्काम लांबणार म्हणून ९० दिवसांच्या आत ‘बर्ग की’ नावाच्या कचेरीत जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, ३०० युरो भरायचे, तेव्हा आयआरपी कार्ड, म्हणजे तिथं राहायचं ओळखपत्र. परमिटवाल्याला त्यावर स्टॅम्प वन, म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्याकडेच राबायचं. २०२४ च्या कायद्यानं नऊ महिन्यांनंतर मालक बदलता येतो, एवढी सवलत. परमिटची दोन वर्षं भरली की स्टॅम्प फोर मागता येतो, मग परमिटची कटकट नाही. पाच वर्षं भरली की नागरिकत्वाचा अर्ज. ही शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

भुसावळच्या एका एजंटानं या सगळ्याचे चार लाख सांगितले होते. मेघानंच त्याला नियम दाखवला की नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापुढं एक पैसा घेता येत नाही. त्यानं चहा मागवला आणि विषय बदलला. पोरगी माझ्यावर गेलेली नाही, हे तुला तेव्हाच कळलं असतं.

घराचा घोळ तर विचारूच नको. पीपीएस नंबर म्हणून तिथला सरकारी ओळख क्रमांक असतो, तो नसला तर पगारातून कर भरमसाट कापतात. त्याला पत्त्याचा पुरावा लागतो. बँकेत खातं उघडायलाही पत्ता. आणि पत्ता कुठून आणायचा? डब्लिनमध्ये घरांची एवढी टंचाई की घरमालक आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो. मेघाचा आधीचा घरमालक मी! म्हटलं, देतो लिहून: मुलगी भाडं देत नाही, दिवे चालू ठेवून झोपते, बाकी वागायला चांगली. ती हसली, तिची आई नाही हसली. आईनं घरचं तूप कढवून बरणी भरून ठेवली होती, त्यावर कळलं की बाहेरून येणाऱ्याला दुधातुपाचं काही युरोपात आत नेऊ देत नाहीत. बिबडे चालतील. तूप आता मी खायचं, शुगर सांभाळून.

आणखी एक गंमत. त्या एका बेटावर दोन देश. बेलफास्ट ब्रिटनचं, मधल्या हद्दीवर नाका ना शिपाई, पण मेघाच्या कार्डावर तिकडे जाता येत नाही, ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आपण मावा जिलबी खायला हद्द ओलांडून मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला जायचो ते आठवलं.

आता मूळ दुखणं. विहिरीलगतचं चार एकर, केळी उभी आहे. मेघा नोकरीसाठी देशाबाहेर पडली की अनिवासी. अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बापानं बक्षीस दिली तरी घेता येत नाही. वारसानं तेवढी येते, म्हणजे मी गेल्यावर. जायच्या आधी नावावर केली तर मात्र तिचीच राहते, उद्या तिकडची नागरिक होऊन आपला पासपोर्ट परत करावा लागला तरीही. मुलीला शेती बक्षीस द्यायला मुद्रांक २०० रुपयांचा. सोपं आहे की नाही?

सोपं नाही. पीकविमा, सोसायटीचं कर्ज, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला. ती डब्लिनला, इथं सही कोण करणार? तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्यायचं, म्हणजे माझ्याच मळ्यात मी पोरीचा मुखत्यार. ही म्हणते, पोरगी अजून विमानात बसली नाही आणि तुम्ही तलाठ्याच्या दारात. मेघानं तर सरळच विचारलं, “बाबा, मला बांधून ठेवताय का?” मी म्हटलं, नाही. पण तुला सांगतो, हो.

तू तुझा हिस्सा विकलास तेव्हा ती अख्खी दिवाळी मी तुझ्याशी बोललो नव्हतो. विहिरीतली तुझी पाळी आता तो नवा माणूस चालवतो आणि माझ्या पाळीतही मोटर बंद करत नाही, हा राग आजही तुझ्यावरच आहे. “मला काय करायचीय माती” म्हणाला होतास. आणि काकांच्या वर्षश्राद्धाला चप्पल हातात घेऊन बांधावर उभा राहिलास, मला विचारलंस, “आत पाय टाकू का?” स्वतःच्या बापाच्या वावरात. मेघानं कधी कुणाला तसं विचारू नये, एवढंच माझं म्हणणं. तिथं ती स्टॅम्प वन म्हणून राहील, फोर म्हणून राहील. इथं तिनं विचारायचं नाही.

तुला नात झाली म्हणे, छान. सुनबाईंना आशीर्वाद. तुझ्या पेन्शनच्या फरकाचं काय झालं ते कळव.

बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक मिळालाय, दुसरा तू हो. येत्या पंधरवड्यात रावेरला निबंधकाकडे तारीख घेतो. ये, भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालतो. आधार कार्ड मूळ आण, झेरॉक्स चालत नाही. आणि हिच्यासमोर बांधून ठेवण्याचं काही बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंता