घरगल्ली मालकाची, दोष भाडेकऱ्याचा?

संपादक महोदय,

कालच्या अंकातील प्लेगच्या काळातील मुंबईच्या घरतपासणीवरचा लेख वाचून फार वाईट वाटले. तपासणी पथकांचे कौतुक करताना लेखकांनी चाळकऱ्यांचे अज्ञान आणि गलिच्छपणा यांनाच रोगाचे मूळ ठरवून टाकले आहे, आणि ज्या घरगल्ल्यांवरून, म्हणजे चाळींमागच्या संडास-मोऱ्यांच्या अरुंद बोळांवरून, मालकांना नोटिसा निघत त्यांचा साधा उल्लेखही केलेला नाही.

1903 च्या सुमारास माझी आजी आठ वर्षांची होती आणि गिरगावातल्या एका चाळीत राहत होती. शेजारी उंदीर मेल्याची वर्दी गेली आणि पथक आले. त्यांनी उतरंड गॅलरीत काढायला लावली, भिंतींवर व जमिनीवर रसकापुराचे, म्हणजे पाऱ्याच्या जंतुनाशकाचे, पाणी मारले. त्यात बेगमीचे तांदूळ भिजले, ते विषारी म्हणून सगळे फेकावे लागले. पणजोबांनी निरीक्षकाला मागच्या घरगल्लीशी नेऊन टोपलीच्या संडासांखालची तुंबलेली मोरी दाखवली, तेव्हा ती मालकाची बाब आहे, त्याला नोटीस जाईल, एवढेच उत्तर मिळाले. आजी लग्न होऊन त्या चाळीतून बाहेर पडली, तोवर मोरी तशीच तुंबत होती. तांदळाची ही हकीकत सांगताना म्हातारपणीही तिचा आवाज चढत असे.

तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते, हे लेखातील समर्थनही टिकणारे नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्येच मांडले होते. पुढे 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगाने, लागण झालेल्या घरांत गिनीपिग सोडून, तेच सिद्ध केले. म्हणजे आमच्या घरातले तांदूळ भिजले तेव्हा सिमाँ यांचे म्हणणे प्रसिद्ध होऊन पाच वर्षे झाली होती, तरीही औषध जमिनीवरच ओतले जात होते आणि उंदीर शेजारच्या चाळीत पळत होते. दारावर यू. एच. एच., म्हणजे माणसांनी राहण्यास अयोग्य, अशी अक्षरे रंगवली की भाडेकऱ्याला बिऱ्हाड हलवावे लागे; ती खोली अयोग्य होईपर्यंत भाडे कोणी घेतले, हा प्रश्न लेखकांना पडला नाही.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. हलालखोरांबद्दल, म्हणजे मैला उचलणाऱ्या सफाई कामगारांबद्दल, लेखात अवाक्षर नाही. त्या अंधाऱ्या गल्ल्यांतून मैल्याच्या टोपल्या हीच माणसे उचलत होती, त्यांच्या कामासाठी पालिका हलालखोर कर वसूल करीत होती, आणि सक्तीच्या उपायांना घाबरून ती शहर सोडून गेली तर काय, ही धास्ती 1896 मध्ये पालिकेच्या अधिकाऱ्यांनाच होती. निरीक्षकांची छायाचित्रे तीन, यांचे एकही नाही.

लेखकांनी घरगल्ल्या आणि हलालखोर यांवर स्वतंत्रपणे लिहावे आणि चाळकऱ्यांविषयीचे ते वाक्य मागे घ्यावे, ही विनंती.

कळावे,
एक जुना वाचक, गिरगाव