तुम्हा दोघांचे शांत चेहरे

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. फोन बाबांच्या हातात असला की मागून आईचा आवाज येतो, "सगळं छान आहे म्हणून सांगा." आईच्या हातात असला की बाबा खोकलासुद्धा दाबतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. दोघंही मला जपता, एकमेकांना तर त्याहून जास्त. पण त्या जपण्यातच तुम्ही एकमेकांना दिसेनासे झाला आहात, असं मला वाटतं.

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबांना घरी आणलं, त्यानंतरची एक संध्याकाळ सांगते. बाबा, तुम्ही पलंगाच्या कडेला बसला होतात. उठायचं होतं, पण हातावर भार द्यायला मनाई होती, कारण छातीचं हाड अजून जुळायचं होतं. आईनं तुमच्या पाठीशी हात नेला. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, "राहू दे, उठतो मी." जबडा घट्ट, आवाज सपाट. आईनं हात काढून घेतला, आधीच नीट असलेली चादर पुन्हा नीट केली आणि ती खोलीबाहेर गेली. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

मग स्वयंपाकघरात आई मला म्हणाली, "ह्यांना माझा हातसुद्धा नकोसा झालाय. इतका राग कशाचा आलाय कोण जाणे." आणि रात्री मी गोळ्या द्यायला आले तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी आई कंटाळली गं माझं करून. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही तिच्या."

बाबा, त्याच बोलण्यात तुम्ही पुढे म्हणाला होतात की उठताना छाती उलेल अशी भीती वाटते, अंग थरथरतं, आणि ते आईच्या हाताला कळू नये म्हणून तुम्ही तो हात नको म्हणता. आई, तू म्हणाली होतीस की एकदा डोळ्यांत पाणी आलं तर थांबणार नाही, आणि तुला रडताना बघून ते खचतील, म्हणून तू चेहरा दगडासारखा ठेवतेस. "त्यांना सांगू नकोस", "तिला सांगू नकोस" असं दोघांनीही मला बजावलं होतं. मी तेव्हा गप्प राहिले, हो म्हटलं नव्हतं. आज सांगते आहे, आणि ठरवून सांगते आहे.

तिकडे होती भीती, आईनं वाचला राग. इकडे होती माया, बाबांनी वाचला कंटाळा. पन्नाशीच्या घरात गेलेला तुमचा संसार. एकमेकांची चाहूल पावलावरून ओळखणारी तुम्ही माणसं. तुमच्याकडून असं चुकीचं वाचलं जातं, यात प्रेम कमी पडलं असं अजिबात नाही. यामागे कारणं आहेत. मी जो विषय वर्गात रोज शिकवते त्यातलीच आहेत, म्हणून ती नीट सांगता येतील.

मनातली घालमेल आवरायच्या अनेक पद्धती असतात. त्यातल्या दोन तुमच्या कामाच्या. पहिली, वाटतं ते वाटू द्यायचं पण चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. दुसरी, घडलेल्या गोष्टीकडेच वेगळ्या तऱ्हेनं बघायचं, म्हणजे मुळात कमी त्रास होतो. जेम्स ग्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं या दोन्हींची तुलना करण्यात उभं आयुष्य घातलं आहे. 1993 साली त्यानं आणि रॉबर्ट लेव्हेन्सननं लोकांना किळस येईल असे चित्रपटाचे तुकडे दाखवले आणि काहींना सांगितलं की बघणाऱ्याला तुमच्या मनातलं काही कळता कामा नये. त्यांनी ते जमवलं. चेहरे शांत राहिले, पण आतून वाटणारी किळस तसूभरही कमी झाली नाही, आणि तळहाताचा घाम, बोटांतल्या रक्तवाहिन्यांचं आकुंचन मात्र नुसतं बघणाऱ्यांपेक्षा वाढलं. म्हणजे लपवल्यानं ओझं उतरत नाही, ते वाहायचे कष्ट तेवढे वाढतात.

बाबा, याच्या पुढचा प्रयोग खास तुमच्यासाठी. 2003 मध्ये एमिली बटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्या केल्या, त्यांना युद्धावरची मन विषण्ण करणारी फिल्म दाखवली आणि नंतर तिच्याविषयी आपसात बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीलाच गुपचूप सूचना होती की भावना दिसू द्यायच्या नाहीत. दुसरीला याची कल्पना नव्हती. तरी त्या दुसरीचं ब्लडप्रेशर वाढलं! संवाद विस्कटला, जवळीक वाटेनाशी झाली. ज्या बायकांना लपवण्याऐवजी वेगळ्या दृष्टीनं विचार करायला सांगितलं होतं, त्यांच्या जोडीदारणींना हा त्रास झाला नाही. आईला बीपी आहे, तिला ताण नको म्हणून तुम्ही तुमची भीती गिळता. पण समोर बसलेल्या माणसाचा बंद चेहरा हाही ताणच असतो.

आता लपवणाऱ्याला समोरचा का दिसत नाही, ते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

चेहरा सांभाळणं हे पूर्ण वेळचं काम आहे. आवाज कापला का, डोळे भरले का, ओठ थरथरला का, यावर सतत पहारा ठेवावा लागतो. लक्ष तर एकच असतं. ते आत गुंतलं की बाहेर उरत नाही. 2000 साली जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी दाखवलं की भावना दडपत असताना लोकांना समोर काय घडलं, काय सांगितलं गेलं, हे नंतर कमी आठवतं. दुसरी पद्धत वापरणाऱ्यांची आठवण अशी घटत नाही. त्या संध्याकाळी आईनं हात काढला तेव्हा तिचा अंगठा पदराशी चाळवत होता. ती अस्वस्थ असली की नेहमी तेच करते, आणि एरवी ते तुमच्या नजरेतून कधीच सुटत नाही. त्या क्षणी तुमचं सगळं बळ जबडा आवळण्यात गेलं होतं.

आणखीही एक गोष्ट आहे. समोरचं माणूस हसलं की आपल्याही गालाचे स्नायू नकळत किंचित हलतात, त्यानं कपाळाला आठ्या घातल्या की आपल्याही भुवया जराशा आखडतात. या बारीक नकलेतून समोरच्याच्या मनाचा काही अंदाज आपल्याला येतो, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. 2011 च्या एका अभ्यासात बोटॉक्सनं चेहऱ्याचे स्नायू सैल पडलेल्या लोकांना दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरच्या भावना ओळखणं थोडं जड गेलेलं दिसलं. या नकलेचा वाटा मोठा की लहान, यावर अजून वाद चालू आहे, त्यामुळे मी त्यावर फार भर देणार नाही. पण दिवसभर ताठ ठेवलेल्या चेहऱ्यानं दुसऱ्याचं सुखदुःख टिपणं सोपं नसणार, हे मला पटतं.

यात वयाचाही भाग आहे. तो लिहू की नको असा विचार केला, पण तुम्ही मला कधी अर्धवट सांगितलं नाहीत, मीही सांगणार नाही. टेड रफमन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. वय वाढतं तसं चेहऱ्यावरचा राग, भीती आणि दुःख ओळखणं तरुणांच्या मानानं अवघड होत जातं, असं त्यात दिसलं. किळस ओळखणं मात्र घटत नाही. उतारवयात नजर डोळ्यांपेक्षा ओठांकडे जास्त जाते, हे यामागचं एक कारण सांगितलं जातं, आणि भीती तर डोळ्यांतच जास्त दिसते. यात कोणाचा दोष नाही. उलट, लॉरा कार्स्टेन्सन ही संशोधिका वर्षानुवर्षं हेही दाखवत आली आहे की वय वाढतं तशी माणसं रोजच्या जगण्यात जास्त स्थिर आणि समाधानी होतात, क्षुल्लक गोष्टींवरून उखडत नाहीत. तुम्हा दोघांत हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण या दोन गोष्टी एका घरात एकत्र आल्या की काय होतं बघा. चेहरा न हलवण्यात दोघंही तरबेज, आणि तोच चेहरा वाचायची नजर दोघांचीही पूर्वीइतकी तीक्ष्ण नाही. अशा वेळी "इतक्या वर्षांनी तिला सांगायला कशाला हवं, तिला कळतंच" हे चालत नाही. शब्दच लागतात.

आई, तू आता म्हणशील, "मग काय गळ्यात पडून रडत बसायचं का दोघांनी?" तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. मन अजिबात आवरलं नाही तरीही दुसरा दिसत नाही. नॅन्सी आयझेनबर्ग या संशोधिकेनं हा फरक फार चांगला मांडला आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून आपण स्वतःच इतके कासावीस होतो की फक्त आपली तगमग थांबावी असं वाटतं. ही एक अवस्था. दुसरी, जिच्यात दुःख जाणवतं पण आपण त्यात बुडत नाही, म्हणून त्या माणसासाठी काही करता येतं. ज्यांना स्वतःची घालमेल बेताची ठेवता येते, ती दुसऱ्या अवस्थेत राहू शकतात. म्हणजे आवरायला हवंच. प्रश्न आहे तो कसं आवरायचं याचा.

आणि ते कसं, हे तुलाच बघून मला कळलं. ऑपरेशनच्या दिवशी आयसीयूबाहेर तू मावशीला फोन लावलास आणि जिन्याच्या कोपऱ्यात उभी राहून हमसून हमसून रडलीस. "मला फार भीती वाटतेय, एकटं राहायची भीती वाटतेय," इतक्या स्पष्ट शब्दांत बोललीस. मग तोंड धुऊन येऊन बसलीस, आणि बसल्या बसल्या तुझं लक्ष शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीकडे गेलं. ती मोबाइलवर काहीतरी बघत होती, तिथल्या कोणालाच तिच्यात काही वावगं दिसलं नव्हतं, मलाही नाही. तू हळूच विचारलंस, "तुझं कोण आहे गं आत?" आणि ती तुझ्या खांद्यावर कोसळली. तिचे वडील आत होते. त्या मुलीचं मन तुला कळलं, कारण थोड्या वेळापूर्वी तू स्वतःचं मन मोकळं केलं होतंस. घरी आल्यावर मात्र ते दार बंद झालं. मावशीजवळ बोलता येतं, बाबांजवळ नाही.

भावनेचं नाव घेऊन बोलण्यात खरंच काही आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अभ्यासात लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं. तसं करताना मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, शांत झालेला दिसला. नुसतं "काही नाही" किंवा "बरं वाटत नाही" म्हणण्यापेक्षा "भीती वाटते", "दमले", "कोणावर अवलंबून राहायची लाज वाटते" असं नेमकं म्हटलं की आतलं वादळ जरा ओसरतं, आणि समोरच्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. बाबा, उठताना म्हणा, "थांब, भीती वाटतेय, हळू धर." आई, तू म्हण, "आज माझा धीर सुटलाय, चिडलेले नाही." आणि दुसऱ्याचा चेहरा कठोर वाटला तर मनाशी ठरवून न टाकता विचारा: "राग आलाय की दुखतंय?" सुरुवातीला जीभ अडखळेल. तुमच्या पिढीला हे कोणी शिकवलं नाही. शिकवली ती सहनशक्ती, आणि तिच्या जोरावरच तुम्ही आम्हाला वाढवलंत, त्याचं मोल मला कळतं. पण आता घरात तुम्ही दोघंच आहात. कोणासमोर धीराचं सोंग आणायचं आहे?

एक मात्र गंभीरपणे सांगते. हृदयाच्या ऑपरेशननंतर मन खचणं अनेकांच्या बाबतीत घडतं, आणि मन उदास असलं की साधे चेहरेही नाराज वाटू लागतात. बाबा, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हे डॉक्टरांना सांगायचं. त्यावर उपचार आहेत. आई, तुझ्याबाबतही तेच; आजाऱ्याचं करणारं माणूसही खचतं.

पुढच्या तपासणीला मी येणार आहे, रजा टाकली आहे. तोपर्यंत रविवारी संध्याकाळी फोन करेन. स्पीकर लावा, दोघं शेजारी बसा आणि या वेळी "सगळं छान आहे" सोडून जे असेल ते सांगा. हे पत्र आधी कोण वाचेल माहीत नाही. जो वाचेल त्यानं ते दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवावं, मधला कुठलाही भाग न गाळता.

तुमची,
मनू