ब्राउझर कोणता, त्याआधी आवृत्ती कोणती?

महोदय,

क्रोम सुरक्षित की फायरफॉक्स, हा वाद मराठवाड्यातल्या अनेक ऑनलाइन फॉर्म केंद्रांवर गैरलागू ठरतो, कारण तिथे अजून विंडोज ७ चालते. त्यावर क्रोम १०९ व्या आवृत्तीलाच थांबले; फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० वी आवृत्ती तिथे बसतच नाही. फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर (जास्त काळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला मात्र त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या. अशा जुन्या संगणकावर तीच त्यातल्या त्यात बरी. बँकेचे काम तिथे नकोच.

नव्या संगणकावर क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत. त्यामुळे सुरक्षेतले मूळ भोक एकच. प्रश्न उरतो तो ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, कोण लवकर लावतो एवढाच. तेही उतरवून घेतले तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. पीक विम्याच्या गर्दीत महिनाभर टॅब उघडेच राहतात, अपडेट ताटकळते. उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग 'मदत', मग 'गुगल क्रोमविषयी' उघडा; 'रीलाँच' दिसले की दाबा.

खरी गळती जतन पासवर्डांची. विंडोजला पासवर्ड नसेल, तर खुर्चीत बसलेला कोणीही क्रोममधले पासवर्ड डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून वाचू शकतो. फायरफॉक्समध्ये जतन पासवर्डांना कुलूप घालणारा 'प्रायमरी पासवर्ड' लावता येतो, पण तो मुळात बंद असतो. केंद्रचालकांनी ग्राहकांसाठी पासवर्ड जतन न ठेवणारी गेस्ट (पाहुणा) विंडोच उघडावी आणि काम संपताच बंद करावी.

— एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, लातूर